कॅमेरा ‘एम’वर ठेवला तरी फ्लॅश आपल्याच मनाचा! नेमकं काय बदलायचं?

अर्धी-सावली

पंधरा दिवस झाले, एका फ्लॅशशी भांडतेय आणि दरवेळी तोच जिंकतोय. जरा सविस्तर लिहिते, कारण ‘फोटो काळे येतात, काय करू’ एवढंच विचारलं तर ‘आधी सेटिंग सांगा’ हेच पहिलं उत्तर येणार.

मिररलेस कॅमेरा, ३५ मिलिमीटरची लेन्स, वर टीटीएल (‘थ्रू द लेन्स’, म्हणजे लेन्समधून उजेड मोजणारा) फ्लॅश. संध्याकाळची वेळ, खोलीत छताला एकच दिवा. बहिणीची दोन मुलं टेबलापाशी लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. मी त्यांच्यापासून दोन मीटरवर, त्यांच्या मागे आणखी तीन मीटरवर पुस्तकांचं कपाट. मुलांचे चेहरे नीट यावेत आणि मागे कपाट आहे हे कळावं, एवढीच माझी मागणी.

पहिल्यांदा ‘ए’ मोड (ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, मी ठरवायचं, शटर कॅमेऱ्याने), एफ ४, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००. चेहरा उजळला, पण धाकट्याला तीन हात. दोन खरे आणि तिसरा पिवळट, धुरासारखा, खऱ्या हाताच्या पुढे ठोकळ्याकडे निघालेला. नंतर पाहिलं तर कॅमेऱ्याने शटर १/८ सेकंद लावला होता.

मग ‘पी’ (दोन्ही कॅमेऱ्यानेच ठरवायचं). शटर १/६०. चेहरे झकास, हातही मोजून चार. कपाट गायब. मुलं गुहेत बसून मनोरा रचताहेत असं वाटतं.

मग म्हटलं, आता सगळं आपल्या हातात घ्यायचं. ‘एम’. शटर १/६०, १/१२५, १/२०० आणि प्रत्येकाला ॲपर्चर एफ ४, ५.६, ८. असे नऊ फोटो काढले आणि नऊच्या नऊ फोटोंत थोरलीचा चेहरा सारखाच उजळ! एकाखाली एक लावून पाहिले, गालावरचा तीळसुद्धा तितकाच स्पष्ट. कपाट तेवढं दर फोटोगणिक आणखी अंधारात बुडत गेलं. एफ ४ आणि एफ ८ मध्ये दोन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक असतो एवढं मला कळतं. मग तो फरक गेला कुठे? फ्लॅश लावला की ॲपर्चर चालतच नाही का?

आणखी दोन कोडी. शटर १/५०० करायला गेले तर आकडा १/२००च्या पुढे सरकेचना. आणि ‘ए’ मोडमध्ये एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची दुरुस्ती) उणे १ केलं, तर कपाट काळवंडलं पण चेहरा होता तसाच राहिला. मैत्रिणीच्या कॅमेऱ्यावर (तो दुसऱ्या कंपनीचा) तेच केलं, तर चेहरा आणि कपाट दोन्ही काळवंडले.

ऑफिसातला एक जण म्हणाला, ‘फ्लॅश आहे ना, मग शटर काहीही ठेव.’ त्याचं ऐकावं का?


रीळ-जमाना

कॅमेरा ठणठणीत आहे, फ्लॅशही. दुरुस्तीला वगैरे देऊ नका.

गडबड त्या ‘एम’च्या अर्थात आहे. कॅमेऱ्याची चकती एमवर नेली की शटर आणि ॲपर्चर तुमच्या ताब्यात येतात. फ्लॅश टीटीएलवर असला तर तो मात्र ऑटोच राहतो. त्याचं वेगळं बटण त्याच्या स्वतःच्या पाठीवर असतं. फोटो उमटण्याआधी एक बारीकशी लुकलुक होते, ती डोळ्यांना सहसा वेगळी कळत नाही. तिचा परत आलेला उजेड लेन्समधून मोजून कॅमेरा फ्लॅशला सांगतो की आता एवढा मार. तुम्ही एफ ४ वरून एफ ८ वर गेलात, त्याने चौपट मारला. चेहरा जागच्या जागी. तुमचे दोन स्टॉप फ्लॅशने गुपचूप भरून काढले आणि तुम्हाला सांगितलंही नाही. नऊ फोटो काढण्याचा विचार अगदी बरोबर होता, फक्त एक परीक्षार्थी मागून उत्तरं पुरवत होता.

म्हणून पहिलं काम: फ्लॅशच्या पाठीवरचं मोडचं बटण दाबून टीटीएलच्या जागी एम आणा आणि पॉवर १/६४ ठेवा. आता तो दरवेळी तेवढाच मारेल.

मुलांना या प्रयोगात घेऊ नका, ती पाचव्या फोटोला पळतात. एखादं खेळण्यातलं अस्वल स्टुलावर बसवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, अस्वलापासून दोन मीटरवर, फ्लॅश सरळ समोर. आयएसओ ४००, एफ ४. आता फक्त शटर बदला: १/२००, १/६०, १/१५. अस्वल जवळपास तसंच राहील, मागचं कपाट हळूहळू उजेडात येईल. मग शटर १/६० ला सोडून द्या आणि ॲपर्चर एफ ४, ५.६, ८ करा. आता अस्वल आणि कपाट दोन्ही एकदम बुडतील. शेवटी सगळं जागेवर ठेवून फ्लॅशची पॉवर १/६४, १/३२, १/१६ अशी वाढवा. अस्वल फटफटीत होत जाईल, कपाट थोडंसंच उजळेल.

असं का, ते सांगतो. तुमच्या प्रत्येक फोटोत दोन वेगवेगळे उजेड एकाच वेळी साठवले जाताहेत. छताचा दिवा म्हणजे बारीक धारेचा नळ. भांडं जितका वेळ खाली धराल तितकं भरणार, आणि तो वेळ म्हणजे शटर. फ्लॅश म्हणजे कुणीतरी एकदाच ओतलेला तांब्या. पूर्ण पॉवरला तो साधारण १/१००० सेकंदात रिकामा होतो, अगदी कमी पॉवरला १/२०,००० किंवा त्याहूनही कमी वेळात. भांडं १/२०० सेकंद धरा नाहीतर १/१५, तांब्या आत पडायचा तेवढाच पडणार. ॲपर्चर म्हणजे भांड्याचं तोंड, आयएसओ म्हणजे जमलेल्याला किती किंमत द्यायची ते. हे दोन्ही नळालाही लागू आणि तांब्यालाही. शटर मात्र फक्त नळाचा. तुमच्या ऑफिसातल्या माणसाचं चेहऱ्यापुरतं खरं आहे. कपाटाशी त्याला देणंघेणं नसावं.

आता तुमचेच आकडे घ्या. ‘ए’ मोडने एफ ४, आयएसओ ४०० ला १/८ लावला, म्हणजे दिव्याच्या उजेडात खोली नीट दिसायला १/८ लागतो. ‘पी’ने १/६० लावला. १/८ ते १/६० म्हणजे तीन स्टॉप, खोलीचा उजेड आठवा हिस्सा. गुहा झाली ती इथे. फ्लॅश कपाटापर्यंत का पोचला नाही? मुलं दोन मीटरवर, कपाट पाच मीटरवर. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो: अडीच पट अंतर, सव्वासहा पट कमी उजेड. चेहऱ्याला बेताचा असलेला फ्लॅश कपाटाला नुसता स्पर्श करून जातो.

तिसऱ्या हाताचं कोडं मला फार आवडलं. १/८ला शटर उघडलं, उघडताक्षणी फ्लॅश पडला आणि हात लखलखीत उमटला. पण शटर अजून उघडंच. त्या उरलेल्या वेळात हात ठोकळ्याकडे गेला आणि दिव्याच्या उजेडात त्याचा धूर उमटला. म्हणून धूर हाताच्या पुढे दिसतो. फ्लॅशच्या मेन्यूत रिअर कर्टन नावाचा पर्याय असतो. तो लावला की फ्लॅश शटर मिटायच्या जरा आधी पडतो, मग धूर हाताच्या मागे राहतो आणि डोळ्यांना पटतो. एमआयटीतले हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९५७ मध्ये दुधाच्या थेंबाचा मुकुट टिपला, तोही तांब्याच्या जोरावर. थेंब गोठवला तो फ्लॅशच्या क्षणभर लखलखाटाने.

आता १/२००ची भिंत. शटरला दोन पडदे असतात. पहिला सरकून सेन्सर उघडतो, दुसरा त्याच्या मागून येऊन झाकतो. १/२०० किंवा १/२५० पर्यंत एक क्षण असा येतो की सेन्सर अख्खा उघडा असतो. त्याहून वेगात गेलात की पहिला पडदा पलीकडे पोचायच्या आधीच दुसरा निघतो, आणि उघडी राहते ती नुसती सरकणारी फट. फ्लॅश त्या क्षणी पडला तर फटीपुरताच उमटणार. तुमचा कॅमेरा आणि फ्लॅश एकमेकांशी बोलतात, म्हणून कॅमेऱ्याने तुम्हाला अडवलं. माझ्या तरुणपणी अडवणारं कुणी नव्हतं. कापडी पडद्याचा कॅमेरा, आडवा सरकणारा, फ्लॅशची मर्यादा १/६०. एका निवृत्तीच्या समारंभाचा ग्रुप फोटो काढला, तीसेक माणसं. बॅगेतून काढताना चकती १/१२५ वर सरकली होती आणि मी पाहिलीच नाही. रीळ धुतल्यावर कळलं. अर्धी माणसं लख्ख, अर्धी काळोखात, आणि सीमारेषा बरोबर मधल्या खुर्चीतल्या उत्सवमूर्तीच्या नाकावरून गेलेली. त्यांनी मला काही बोलून दाखवलं नाही, हे जास्त लागलं.

त्या कॅमेऱ्यांवर फ्लॅशच्या वायरीसाठी दोन भोकं असायची, एक एक्स आणि एक एम. एम जुन्या जळणाऱ्या बल्बसाठी. बल्बला पुरता पेटायला वेळ लागतो, म्हणून त्याला ठिणगी आधी द्यायची आणि शटर नंतर उघडायचं. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश चुकून एममध्ये खोचला की शटर उघडायच्या आत तो पडून मोकळा. एम या अक्षराने आमचंही कमी नुकसान केलेलं नाही.

राहिलं तुमचं मूळ काम. खोलीचा उजेड वर आणायचा, पण १/८ला उतरायचं नाही. मग आयएसओ वाढवा. एफ ४, आयएसओ १६००, शटर १/१२५ करा. हिशोबाने खोली दोन स्टॉप खाली राहील: कपाट दिसेल पण चेहऱ्याशी स्पर्धा करणार नाही, आणि धूर जवळपास नाहीसा होईल. हवं तर १/६० ला या, कपाट आणखी एक स्टॉप वर येईल, हात थोडे पुसट होतील. कपाट किती हवं ते तुमच्या आवडीवर, मला ते जरा अंधारातच बरं वाटतं.

एक खड्डा दाखवून ठेवतो. फ्लॅशच्या पुस्तिकेत गाइड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) दिलेला असतो. समजा तो मीटरमध्ये ३२ आहे, आयएसओ १०० ला. अंतराने भागा: दोन मीटरला एफ १६, पूर्ण पॉवरवर. आयएसओ ४०० ला तोच एफ ३२ होतो. तुम्ही आहात एफ ४ वर, म्हणजे सहा स्टॉप जास्त उघड्या. सहा स्टॉप खाली उतरायला पॉवर १/६४. मघाशी तो आकडा मी हवेतून काढला नव्हता. आता आयएसओ १६०० केलात तर आणखी दोन स्टॉप, म्हणजे १/२५६. बऱ्याच फ्लॅशची तळाची पायरी १/१२८ असते. सरळ तोंडावर मारलात तर तळालाही चेहरा पांढराफटक. म्हणून फ्लॅशचं डोकं वर छताकडे वळवा. उजेड लांबून येईल, छतावर पसरेल, बराचसा वाटेत सांडेल, आणि पॉवर पुन्हा मधल्या पायऱ्यांवर येईल. चेहराही मऊ दिसेल. (पुस्तिकेतला गाइड नंबर बहुतेक वेळा डोकं पूर्ण झूम केल्यावरचा असतो, ३५ मिलिमीटरच्या झूमला तो बराच कमी भरतो. कंपन्यांना मोठा आकडा छापायला आवडतो.)


फुकटचा-सल्ला

रीळकाकांचा तांब्या उत्तम. अस्वलाचा प्रयोगही जरूर करा, एकदा केला की आयुष्यभर पुरतो. पण प्रत्यक्ष मुलं धावत असताना १/६४ की १/३२ करत बसलात, तर मनोरा पडून जाईल आणि तुम्ही बटणंच दाबत असाल. मूल दोन मीटरवरून एक मीटरवर आलं की उजेड चौपट. तेव्हा टीटीएलला शिव्या घालू नये. तो त्याचसाठी बनवलाय. ऑलिम्पसने १९७५ मध्ये ओएम-२ कॅमेऱ्यात फिल्मवरून परतणारा उजेड मोजून फ्लॅश तोडायला सुरुवात केली, तेव्हापासून लोक सुखी आहेत. काका सोडून.

मी असं करतो: कॅमेरा एमवर, म्हणजे कपाट माझं. फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे चेहरा त्याचा. आणि फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन मी हातात ठेवतो. पांढराशुभ्र सदरा घातलेलं मूल चौकटभर आलं की टीटीएल घाबरून कमी मारतो, तेव्हा अधिक २/३. काळ्या कोटातल्या माणसाला उलट. घरात सहसा उणे १/३ ते २/३ वर माझा फ्लॅश असतो, मला फ्लॅश मारल्याचं दिसलेलं आवडत नाही.

आयएसओ ऑटोवर ठेवू नका, निदान शिकेपर्यंत. फ्लॅश लावल्यावर ऑटो आयएसओ काय करेल हे कॅमेऱ्यागणिक बदलतं. मध्येच त्याने आयएसओ चढवला तर तुमचा सगळा हिशोब कोलमडतो आणि दोष फ्लॅशला जातो.

कॉम्पेन्सेशनचं कोडं: दोन कंपन्यांचे दोन विचार. कॅननमध्ये एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन साधारणपणे खोलीच्या उजेडालाच लागतं, फ्लॅशचं वेगळं. निकॉनमध्ये मूळ सेटिंगला ते दोन्हींना लागतं, आणि बऱ्याच बॉडींत मेन्यूत जाऊन ‘फक्त बॅकग्राउंड’ निवडता येतं. ‘ए’ मोडचंही तसंच. कॅनन खोलीला हवा तेवढा शटर सावकाश करतो, निकॉन स्लो सिंक (फ्लॅशसोबत सावकाश शटर) लावलं नसेल तर १/६० च्या खाली उतरत नाही. मैत्रिणीच्या कॅमेऱ्याचा निकाल म्हणूनच तुम्हाला लागू पडत नाही. तिचा कॅमेरा वेगळ्या शाळेत शिकलाय.

आणि सायलेंट शटर चालू असेल तर बऱ्याच कॅमेऱ्यांत फ्लॅश पडतच नाही. मी एकदा वीस मिनिटं बॅटऱ्या बदलत होतो.


अर्धी-सावली

अस्वल बसवलं! त्याचा एक डोळा तुटून बटण शिवलेलं आहे, हे प्रयोगाला फार उपयोगी पडलं. बटण चकाकतं, काचेचा डोळा त्याहून जास्त चकाकतो, त्यामुळे उजेड किती पडला ते लगेच दिसतं.

फ्लॅश एमवर, १/६४. पहिल्या खेपेला बटणावरचा पांढरा ठिपका १/२०० लाही तेवढाच आणि १/६० लाही तेवढाच. मागचं कपाट १/२०० ला नुसतं काळं, १/६० ला पुस्तकांच्या पाठी जाणवू लागल्या, १/१५ ला दोन-तीन नावं वाचता आली. पण रीळ-जमाना, १/१५ ला अस्वल ‘तसंच’ राहिलं नाही हं. दिव्याकडचा कान पिवळा झाला आणि अंगही जरासं उजळलं. आधी वाटलं माझं चुकलं. मग कळलं की नळ अस्वलावरही गळतोच आहे, फक्त आतापर्यंत तांब्यापुढे तो दिसत नव्हता. बरोबर ना?

एफ ८ ला सगळंच बुडालं. दोन स्टॉप एकदाचे सापडले.

मग छताकडे डोकं वळवून, आयएसओ १६००, एफ ४, १/१२५. पॉवर तळापासून चढवत गेले, १/१६ ला चेहरा पटला. थोरलीला अस्वलाच्या जागी बसवलं होतं, तिने अस्वल मांडीवर घेतलं. कपाट आलं! मंद, पण आलं.

तरी एक खुपतंय. थोरलीचा चेहरा निळसर पांढरा आणि मागे कपाट नारिंगी. दोघं वेगवेगळ्या फोटोंतून कापून चिकटवल्यासारखी दिसतात. व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा धरायचा ते) चेहऱ्याला लावला तर कपाट पेटतं, कपाटाला लावला तर मुलगी गारठते.


रीळ-जमाना

कानाचं निरीक्षण शंभर टक्के. मी ‘जवळपास’ या शब्दामागे लपलो होतो, तुम्ही पकडलंत. १/१५ ला खोली एकच स्टॉप खाली होती, म्हणजे नळही बऱ्यापैकी ओतत होता. रंगाचं निळी-काच सांगतील, त्या त्यातल्या दर्दी आहेत.


निळी-काच

आलेच. आणि काका, उपदेश नारिंगी काचेचा करायचाय, नावाकडे बघू नका.

फ्लॅशचा उजेड दुपारच्या उजेडासारखा, साधारण ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा). घरातला पिवळा दिवा २७०० ते ३२०० च्या घरात. एका फोटोत दोन रंगांचे उजेड आहेत आणि व्हाइट बॅलन्स तर एकच लावता येतो, म्हणून दोघांची भांडणं. कपाटाचा दिवा बदलण्यापेक्षा फ्लॅशला कपाटाच्या रंगात आणणं सोपं. सीटीओ नावाची नारिंगी जिलेटिनची पट्टी मिळते, ती फ्लॅशच्या तोंडाला लावायची. पूर्ण सीटीओ लावली की फ्लॅश दिव्यासारखा होतो. मग कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स दिव्यावर ठेवलात की चेहरा आणि कपाट दोन्ही ताळ्यावर येतात. मी स्वतः अर्धी सीटीओ लावते. कपाट किंचित उबदार उरतं, आणि रात्रीच्या खोलीला थोडा पिवळेपणा शोभतो.

पट्टी उजेड खाते, पूर्ण सीटीओ साधारण २/३ स्टॉप. तुमचं १/१६ तेवढं वर चढवावं लागेल. फ्लॅश टीटीएलवर असेल तर तो आपोआप चढवतो.

माझे मॉडेल म्हणजे एक काळं मांजर, त्यामुळे आणखी एक गोष्ट. डोकं वळवताना वर काय आहे ते बघा. उजेड ज्याच्यावरून उडतो त्याचा रंग घेऊन येतो. एकदा हिरव्या पडद्याकडे फ्लॅश वळवला आणि मांजराच्या मिशा पालवी फुटल्यासारख्या आल्या. त्यावर पट्टीबिट्टीचा इलाज नाही, दुसरीकडे वळवायचं.


फुकटचा-सल्ला

उन्हात जाल तेव्हाचं राहिलंच. भर दुपारी आयएसओ १००, १/२५० ला तुम्हाला एफ ११ च्या आसपास यावं लागतं. मागचं सगळं स्पष्ट, धूसर बॅकग्राउंड विसरा. एफ २.८ हवं असेल तर शटर १/४००० च्या आसपास जातो, आणि तिथे काकांची फट आडवी येते. यावर उपाय हाय-स्पीड सिंक: फ्लॅश एकदाच ओतण्याऐवजी फट सरकेपर्यंत भराभर थेंब थेंब टाकत राहतो. ऑलिम्पसने हे १९८६ मध्ये ‘एफ-२८०’ नावाच्या फ्लॅशमध्ये आणलं. पण थेंबाथेंबाने पॉवर जाते, दोन स्टॉप तरी, बऱ्याचदा जास्त. मुलांजवळ जावं लागतं.

आणि वर शिकलेलं इथे उलटं होतं. फ्लॅश आता नळ झाला, म्हणून शटर वाढवला की फ्लॅशही कमी पडतो. परीक्षेत हमखास चुकणारा प्रश्न.

सोनीच्या ए९ थ्री कॅमेऱ्यात ग्लोबल शटर आहे (अख्खा सेन्सर एकाच क्षणी उघडतो-मिटतो), पडदाच नाही, १/८०,००० पर्यंत फ्लॅश लागतो. पण तिथे शटरच तांब्यापेक्षा आधी मिटतो, अर्धा तांब्या बाहेर सांडतो.


अर्धी-सावली

उन्हाचं नंतर. आधी खोली तरी सर होऊ दे.

आजचा निकाल: अर्धी सीटीओ, छताकडे डोकं, आयएसओ १६००, एफ ४, १/१२५, फ्लॅश टीटीएलवर, कॉम्पेन्सेशन उणे १/३. दोन्ही मुलं, मनोरा आणि कपाट एका फोटोत आले. धाकट्याला दोनच हात. मनोरा पडतानाचाही एक मिळाला, सगळ्यात वरचा ठोकळा हवेत आहे आणि त्याच्या लाकडाच्या रेषा मोजता येतात.

पहिल्या सात फोटोंत मात्र चेहरे फटफटीत आले होते. पट्टी काढली, लावली, कॉम्पेन्सेशन उणे दोनपर्यंत नेलं, फ्लॅशला नावं ठेवली. आठव्याला दिसलं, काल सरळ मारायला म्हणून डोकं पुढे वळवलं होतं ते तसंच होतं.


रीळ-जमाना

सातच? माझी ती चकती १/१२५ वर होती ना, त्याच रिळावर पुढचे अकरा फोटो होते.